खासगी क्लाउडच्या आत कोणते काम कोणाकडे?

या वेळी नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. संस्थेच्या स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या सर्व्हरवर उभारलेला क्लाउड नेमका कोणत्या भागांचा बनलेला असतो, हा तो विषय. म्हणून या खेपेचे सदर त्याच पत्रांना दिले आहे.

प्रश्न : धंतोली परिसरातील एका रुग्णालयाच्या संगणक विभागाचे काम मी पाहते. आमच्याकडे चार सर्व्हर आहेत आणि त्यांवर मिळून तीसेक व्हर्च्युअल मशीन चालतात. विक्री-प्रतिनिधी सांगतात की आता खासगी क्लाउड घ्या. आमच्याकडे आहे त्यापेक्षा त्यात वेगळे काय असते?

उत्तर : एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणे याला आभासीकरण म्हणतात, आणि ते आपल्याकडे आधीपासूनच आहे. क्लाउड म्हणजे त्यावर बसवलेली मागणी-पुरवठ्याची व्यवस्था होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत पाच लक्षणे सांगितली आहेत : वापरणाऱ्याला मध्यस्थाशिवाय स्वतः साधने घेता येणे, ती नेटवर्कवरून कोठूनही वापरता येणे, सर्व साधने एका सामाईक साठ्यातून वाटली जाणे, गरजेनुसार ती झटपट वाढणे-घटणे आणि वापराचे मोजमाप होणे. आपल्या पॅथॉलॉजी विभागाला नवे मशीन हवे असेल तर ते आपल्याला फोन करतात आणि आपण ते तयार करून देता, की ठरलेल्या मर्यादेत ते स्वतःच तयार करून घेतात, एवढे विचारले तरी फरक लक्षात येईल.

माझे मत स्पष्ट आहे. चार सर्व्हर, एकच संगणक विभाग आणि वर्षभरात फारशी न बदलणारी तीस मशीन असतील, तर आपल्याला खासगी क्लाउडची गरज नाही. तो पैसा दुसऱ्या इमारतीत ठेवलेल्या चांगल्या बॅकअपवर खर्च करावा. रुग्णांची माहिती क्लाउडमध्ये ठेवली म्हणजे तिची कायदेशीर जबाबदारी दुसऱ्याकडे गेली, असे कोणी सुचवत असेल तर तेही मान्य करू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार, प्रक्रियेचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवले तरी जबाबदारी माहिती घेणाऱ्या संस्थेवरच राहते.

प्रश्न : हिंगणा मार्गावरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. आम्हाला एकसारखे आठ सर्व्हर मिळाले असून प्रत्येकात ३२ कोअर आणि १२८ जीबी मेमरी आहे. त्यांवर ओपनस्टॅक हे क्लाउड उभारण्याचे सॉफ्टवेअर बसवून ६० विद्यार्थ्यांच्या तुकडीला प्रत्येकी एक मशीन द्यावे, असा विचार आहे. परंतु माहितीपुस्तिका उघडली की नोव्हा, न्यूट्रॉन, कीस्टोन, ग्लान्स, सिंडर अशी नावांची रांगच लागते. यांतील खरोखर आवश्यक कोणते, आणि एवढे तुकडे करण्याची गरज तरी काय होती?

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तो समजला की नावे आपोआप जागेवर बसतात. ओपनस्टॅकची सुरुवात जुलै २०१० मध्ये नासा ही अमेरिकी अंतराळ संस्था आणि रॅकस्पेस ही होस्टिंग कंपनी यांनी मिळून केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘ऑस्टिन’ या पहिल्या आवृत्तीत दोनच प्रकल्प होते : नासाकडून आलेला, मशीन चालवणारा नोव्हा आणि रॅकस्पेसकडून आलेला, फायली साठवणारा स्विफ्ट. त्या काळी मशीन, नेटवर्क आणि डिस्क ही तिन्ही कामे नोव्हाच पाहत असे. काम वाढले तशी वाटणी होत गेली. २०१२ मध्ये डिस्कचे खाते सिंडरकडे गेले. नेटवर्कसाठी क्वांटम नावाचा वेगळा प्रकल्प आला व २०१३ मध्ये त्याचेच नाव न्यूट्रॉन झाले. आणि कोणत्या सर्व्हरवर किती जागा शिल्लक आहे याची नोंदवही ठेवणारा प्लेसमेंट हा भाग २०१९ मध्ये नोव्हातून वेगळा निघाला. प्रत्येक भागाला स्वतःचा डेटाबेस आणि स्वतःचे एपीआय (इतर सॉफ्टवेअरकडून मागण्या घेण्याचे दार) असल्यामुळे, ज्या भागावर भार पडतो तेवढाच वाढवता येतो आणि एक भाग दुरुस्त करताना इतरांना हात लावावा लागत नाही.

आता आपला एखादा विद्यार्थी वेब-पानावर ‘मशीन तयार करा’ हे बटण दाबतो तेव्हा काय घडते, ते क्रमाने पाहू. ते वेब-पान म्हणजे होरायझन. होरायझन स्वतः काही तयार करत नाही. ते केवळ विद्यार्थ्याची मागणी पुढे पोहोचवते. सर्वांत आधी कीस्टोनकडे ओळख पटवावी लागते. कोणता वापरकर्ता कोणत्या प्रकल्पात कोणत्या अधिकाराने काम करतो, हे कीस्टोनला ठाऊक असते आणि खात्री झाल्यावर ते एक टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना, देते, जे वेगळे काही ठरवले नसेल तर एक तास चालते. त्याच्याबरोबर इतर सर्व सेवांच्या पत्त्यांची यादीही मिळते. त्यामुळे नवी सेवा बसवून तिची नोंद कीस्टोनमध्ये करायची राहून गेली, तर ती सेवा चालू असूनही कोणाला सापडत नाही.

टोकन घेऊन मागणी नोव्हाच्या एपीआयकडे जाते. तेथे प्रकल्पाचा कोटा तपासला जातो आणि मागणी निरोपांच्या रांगेत टाकली जाते. ही रांग सांभाळणारा रॅबिटएमक्यू हा ओपनस्टॅकचा भाग नाही, तरी नोव्हाच्या आतली जवळपास सर्व बोलणी त्याच्यामार्फत होतात. रांगेतून मागणी नोव्हाचा कंडक्टर हा भाग उचलतो आणि शेड्युलर या दुसऱ्या भागाला जागा विचारतो. शेड्युलर प्लेसमेंटच्या वहीतून पुरेशी मेमरी व कोअर शिल्लक असलेल्या सर्व्हरची यादी घेतो, नियमांत न बसणारे गाळतो, उरलेल्यांना गुण देतो आणि एक निवडतो. कंडक्टर हा भाग अनेकांना निरर्थक वाटतो, परंतु त्यामागे सुरक्षेचा मोठा विचार आहे. पूर्वी प्रत्येक सर्व्हरवरचा कॉम्प्युट हा भाग थेट मुख्य डेटाबेसशी बोलत असे. ज्या सर्व्हरवर परक्यांची मशीन चालतात, त्याच सर्व्हरवर साऱ्या डेटाबेसचा पासवर्ड ठेवणे धोक्याचे होते. म्हणून २०१३ पासून डेटाबेसशी बोलण्याचे काम मधल्या कंडक्टरकडे देण्यात आले. महाविद्यालयात जिज्ञासू विद्यार्थी असतात, तेव्हा आपल्याला याचे मोल अधिक आहे.

निवडलेल्या सर्व्हरवरचा कॉम्प्युट मग ग्लान्सकडून मशीनची इमेज, म्हणजे तयार प्रणालीचा साचा, मागवतो. न्यूट्रॉनकडून नेटवर्कचे पोर्ट घेतो. टिकाऊ डिस्क हवी असेल तर सिंडरकडून ती जोडून घेतो आणि शेवटी सर्व काही केव्हीएमच्या हवाली करतो. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे. मशीन प्रत्यक्ष चालवतो तो केव्हीएम, नोव्हा नव्हे. हे वाक्य मनात ठेवावे, कारण पुढच्या पत्राचे उत्तर त्यावरच उभे आहे. मशीन सुरू झाले की ते १६९.२५४.१६९.२५४ या ठरलेल्या पत्त्यावर स्वतःविषयीची माहिती विचारते आणि त्यातून त्याला आपले नाव व विद्यार्थ्याची एसएसएच किल्ली, म्हणजे लॉगिनसाठीची डिजिटल किल्ली, मिळते. एकाच इमेजमधून निघालेली साठ मशीन साठ वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची होतात ती या टप्प्यावर.

या सर्व भागांत सर्वाधिक वेळ खाणारा भाग न्यूट्रॉन आहे. एकाच भौतिक नेटवर्कवर अनेक स्वतंत्र नेटवर्क करण्याच्या व्हीलॅन आणि व्हीएक्सलॅन या दोन पद्धती आहेत. व्हीलॅनमध्ये नेटवर्कचा क्रमांक १२ बिटांचा असल्याने एकूण ४,०९४ नेटवर्कच करता येतात. व्हीएक्सलॅनमध्ये तो २४ बिटांचा असल्याने ही संख्या दीड कोटीच्या वर जाते. परंतु व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटला स्वतःचे ५० बाइटचे वेष्टन घालतो. त्यामुळे भौतिक नेटवर्क १,५०० बाइटचे असेल, तर आतल्या मशीनला १,४५० बाइटच वापरता येतात. एका संस्थेत मी याच ५० बाइटसाठी दोन दिवस घालवले आहेत. तेथे न्यूट्रॉनला भौतिक नेटवर्क ९,००० बाइटचे आहे असे सांगितले होते. पण मधला एक स्विच १,५०० वरच राहिला होता. पिंग व्यवस्थित जात होते, लॉगिनचा प्रयत्न मात्र मध्येच अडकत होता आणि फाइल तर जातच नव्हती. लहान पॅकेट पार होतात व मोठी नाहीशी होतात, असे दिसले की सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधण्यापूर्वी प्रत्येक स्विचवरील पॅकेटची कमाल मर्यादा तपासावी.

तेव्हा आपल्यासाठी कीस्टोन, ग्लान्स, प्लेसमेंट, नोव्हा आणि न्यूट्रॉन अनिवार्य आहेत. विद्यार्थ्यांसाठी होरायझन हवे आणि सत्र संपेपर्यंत काम टिकवायचे असल्याने सिंडरही हवे. हीट, स्विफ्ट, ऑक्टेव्हिया या जादा सेवांना पहिल्या वर्षी हात लावू नये. आठपैकी तीन सर्व्हर नियंत्रणासाठी व पाच मशीन चालवण्यासाठी ठेवावेत. त्या पाचांपैकी एक केव्हाही बंद पडू शकतो असे गृहीत धरून हिशेब चारांचा करावा : प्रत्येकातून २४ जीबी त्या सर्व्हरच्या स्वतःच्या कामांसाठी बाजूला काढली तर १०४ जीबी उरते, म्हणजे चारांत ४१६ जीबी. साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ४ जीबी दिली तर २४० जीबी लागते. प्रत्येकी दोन कोअर दिले तर १२० लागतात आणि चार सर्व्हरांत १२८ आहेत. कोअर प्रत्यक्षाहून अधिक वाटता येतात, कारण सर्व मशीन एकाच क्षणी पूर्ण जोराने चालत नाहीत; मेमरीच्या बाबतीत मात्र हा मोह टाळावा, कारण ती संपली की लिनक्सचा गाभा एखादे मशीन सरळ बंद करून टाकतो.

प्रश्न : मी मिहानमधील एका कंपनीत नोकरीस आहे. आमचा खासगी क्लाउड एकाच कंट्रोलरवर, म्हणजे नियंत्रणाच्या एकाच सर्व्हरवर, चालतो. तो बंद पडला तर सर्व मशीन बंद पडतील, अशी वरिष्ठांना भीती वाटते. हे खरे आहे का? आणि दुसरा कंट्रोलर घेतला तर पुरेल का?

उत्तर : वर म्हटल्याप्रमाणे मशीन केव्हीएम चालवतो आणि तो त्या त्या सर्व्हरवर असतो. नागपूर स्थानकातील आरक्षणाची खिडकी बंद झाली तरी इटारसीकडे निघालेली गाडी रुळावर थांबत नाही. नवे तिकीट मात्र मिळत नाही. कंट्रोलर बंद असताना नवे मशीन तयार होणार नाही, असलेले हलवता येणार नाही, कोणी लॉगिन करून यादी पाहू शकणार नाही. पण जी मशीन चालू आहेत ती चालूच राहतील. खासगी क्लाउडच्या रचनेत आदेश देणारा थर आणि भार वाहणारा थर यांतील ही रेघ सर्वांत महत्त्वाची आहे, आणि कोणताही आराखडा समोर आला की मी आधी ती रेघ कोठे पडते ते शोधतो.

अनेक लहान उभारण्यांत ही रेघ एका जागी पुसलेली असते. सर्व्हरची संख्या कमी म्हणून आभासी राउटर कंट्रोलरवरच ठेवलेले असतात. अशा वेळी कंट्रोलर पडला की मशीन जिवंत राहतात, परंतु त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती बंदच असतात. आपल्या वरिष्ठांची भीती या अर्थाने रास्त असू शकते. आपले राउटर कोणत्या सर्व्हरवर आहेत ते आजच तपासा. ते कंट्रोलरवर असतील तर नेटवर्कच्याच कामाच्या वेगळ्या सर्व्हरवर न्या किंवा हे काम सर्व सर्व्हरांत वाटणारी पद्धत वापरा.

दुसऱ्या कंट्रोलरने भागणार नाही, तीन लागतील. डेटाबेससाठी वापरली जाणारी गॅलेरा ही पद्धत बहुमतावर चालते. दोनांपैकी एक दिसेनासा झाला, तर उरलेल्याला कळू शकत नाही की समोरचा खरोखर पडला आहे की मधली तार तुटली आहे. दोघेही आपापल्या परीने लिहू लागले तर एकाच मशीनच्या दोन परस्परविरोधी नोंदी होतील, म्हणून बहुमत नसलेला एकटा लिहिणे थांबवतो. तिघांपैकी एक गेला तर दोघांचे बहुमत राहते. चार घेऊनही लाभ नाही, कारण तेथेही एकाचेच जाणे सोसते. दोघांचे जाणे सोसायचे असेल तर पाच हवेत. या तिघांपुढे एचएप्रॉक्सी हे मागण्या वाटून देणारे सॉफ्टवेअर बसवून सर्वांना एकच सामाईक पत्ता द्यावा, म्हणजे वापरणाऱ्यांना बदल जाणवत नाही.

एक अनुभवाची गोष्ट सांगतो. मशीन ‘तयार होत आहे’ या अवस्थेतच तासन्‌तास अडकलेले दिसते, आणि एपीआय मात्र तत्परतेने उत्तरे देत असते, तेव्हा मी सर्वप्रथम रॅबिटएमक्यूची रांग पाहतो. मागणी स्वीकारली गेलेली असते, पण निरोप पुढे पोहोचलेला नसतो.

आणि डेटाबेसचा बॅकअप रोज, कंट्रोलरच्या बाहेर काढावा. बॅकअपची चर्चा निघाली की लोक मशीनच्या डिस्कचा विचार करतात. परंतु डेटाबेस गेला तर सर्व डिस्क स्टोरेजमध्ये शाबूत असूनही, लांबलचक क्रमांकांच्या त्या शेकडो डिस्कांपैकी कोणती कोणाची आणि कोणत्या मशीनला जोडलेली होती, हे सांगणारे कोणीच उरत नाही.

प्रश्न : इतवारीतील घाऊक व्यापाऱ्यांना हिशेबाची ऑनलाइन सेवा देणारी आमची लहान फर्म आहे. आम्ही तीन सर्व्हरवर सेफ हे, अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र वापरणारे, स्टोरेज बसवले. प्रत्येकात ४ टीबीच्या चार डिस्क आहेत, म्हणजे एकूण ४८ टीबी. तरीही वापरासाठी १६ टीबीच्या आसपासच जागा दिसते. उरलेली जागा कोठे गेली?

उत्तर : ती कोठेही गेलेली नाही, आपल्या माहितीच्या प्रतींनी ती व्यापली आहे. सेफ प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवते आणि त्या तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवते. कोणता तुकडा कोठे आहे याची मोठी यादी ती बाळगत नाही. क्रश नावाच्या गणिती पद्धतीने ते स्थान प्रत्येक वेळी काढले जाते, त्यामुळे यादी सांभाळणारा एकच सर्व्हर अडथळा ठरत नाही. तीन प्रतींमुळे ४८ चे १६ होतात. तेवढेही पूर्ण भरू नयेत : ८५ टक्के भरल्यावर सेफ इशारा देते आणि ९५ टक्क्यांवर लिहिणेच थांबवते. म्हणून आपण १३ टीबीला थांबावे आणि त्याआधीच नव्या डिस्कची मागणी नोंदवावी.

आपल्या मांडणीतील एक दुबळी जागाही लक्षात आणून देतो. तीन प्रती व तीनच सर्व्हर असल्याने, एक सर्व्हर बंद पडला तर काम दोन प्रतींवर चालू राहील. परंतु तिसरी प्रत नव्याने करायला चौथा सर्व्हर नाही. त्या अवस्थेत आणखी एक गेला, तर माहितीची एकच प्रत शिल्लक राहील आणि सेफ वाचन-लेखन थांबवेल. आर्थिक वर्ष संपण्याच्या दिवसांत व्यापाऱ्यांना हे परवडणार नाही. शक्य होताच चौथा सर्व्हर जोडावा. तिन्ही सर्व्हरची घड्याळेही जुळलेली ठेवावीत, कारण सेफच्या देखरेख करणाऱ्या भागांत ०.०५ सेकंदाहून अधिक अंतर पडले तरी ती तक्रार करते.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून एखाद्या व्यापाऱ्याचा हिशेब पुसला तर तो तिन्ही ठिकाणांहून त्याच क्षणी पुसला जातो. रोजचा बॅकअप वेगळ्या यंत्रणेवर आणि शक्यतो वेगळ्या जागी घ्यावा.

प्रश्न : मानेवाडा भागातील आमच्या कार्यालयात सर्व्हरचे दोन रॅक आहेत. उन्हाळ्यात एसीवर फार ताण येतो, म्हणून खोलीत जोडीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावावा असे मालक म्हणतात. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो, म्हणजे गारव्याबरोबर खोलीत ओलावा भरतो, आणि त्याला चालण्यासाठी खिडकी उघडी लागते, जिच्यातून एप्रिल-मेची धूळ आत येते. ओलावा आणि धूळ मिळून सर्व्हरच्या जोडण्यांवर गंज चढवतात. बंद खोलीत एसीच्या जोडीने तो लावला तर एसीचा बराच जोर तो ओलावा काढण्यातच खर्च होईल.

सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी, अशी अमेरिकी वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेची शिफारस आहे. नागपुरात बाहेर ४५ अंश असताना एकच मोठा एसी बंद पडला तर दोन रॅकची लहान खोली पाहता पाहता तापते, म्हणून त्याऐवजी दोन मध्यम एसी घ्यावेत आणि त्यांतील एकटाही खोली सांभाळू शकेल इतकी त्यांची क्षमता असावी. दोन्ही रॅकची तोंडे एकमेकांकडे ठेवून थंड हवा त्या मधल्या वाटेत सोडावी. रिकाम्या खणांना पत्र्याची झाकणे लावावीत, नाहीतर मागची गरम हवा त्यांतूनच पुढे येते. यूपीएसवर सर्व्हर असतात आणि एसी नसतो, हेही विसरू नये. वीज गेल्यावर जनित्र सुरू होईपर्यंत खोली किती तापते, ते मे महिना लागण्यापूर्वी एकदा थर्मामीटर घेऊन स्वतः मोजावे. कंट्रोलर तीन असतील तर ते तिन्ही एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर ठेवू नयेत.